टेबलापलीकडचा माणूस : सचोटीविषयी वाचकांचे चार प्रश्न

शासकीय सेवेत असलेल्या, नुकत्याच दाखल होणाऱ्या आणि निवृत्त झालेल्या वाचकांकडून गेल्या दोन महिन्यांत जी पत्रे आली, त्यांपैकी चार पत्रांचा विषय एकच असल्यामुळे ती या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे व गावे दिलेली नाहीत. उत्तर देणारा मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. उत्तरांत जे काही आहे ते नियमांतून जेवढे आले आहे तेवढेच त्या चौतीस वर्षांतून आले आहे.

प्रश्न : माझी तलाठी म्हणून निवड झाली असून पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे. आजोबा गेल्यानंतर वारस नोंदीसाठी वडिलांनी घातलेले हेलपाटे मी लहानपणी पाहिले आहेत. वडील म्हणतात, ‘खुर्चीत बसण्याआधीच तू काय करणार आणि काय करणार नाहीस ते कागदावर लिहून ठेव, नंतर लिहिता येणार नाही.’ माझ्या मैत्रिणींना मात्र वाटते, की शासनाचे वर्तणूक नियम असताना स्वतःची वेगळी नियमावली कशाला? लिहायचीच झाली तर त्यात काय असावे?

उत्तर : तुमच्या वडिलांना सरकारी कचेरीची ओळख टेबलाच्या पलीकडून झालेली आहे, म्हणून त्यांचा सल्ला मोलाचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे शासकीय कर्मचाऱ्याकडून नितांत सचोटीची आणि कर्तव्यपरायणतेची अपेक्षा करतात, आणि ते प्रत्येकाने रुजू होण्यापूर्वी एकदा तरी शांतपणे वाचायला हवेत. परंतु नियम हे कुंपण असते. सकाळी अकरा वाजता तुमच्याच आत्याचे दीर हातात पेढ्यांचा पुडा घेऊन कार्यालयात आले आणि ‘आपल्या घरचीच आहेस, एवढी नोंद आधी घे’ म्हणाले, तर नेमके कोणते वाक्य बोलायचे हे नियमांत लिहिलेले नसते. ते वाक्य त्या क्षणी सुचत नाही. ते आधी ठरवून ठेवावे लागते, आणि म्हणून कागद हवा.

असा कागद ही नवी कल्पना आहे असेही नाही. शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. चोरी करणार नाही, इमानेइतबारे काम करीन अशी ‘क्रिया’, म्हणजे शपथ, तू केलेलीच आहेस, तेव्हा एका भाजीच्या देठालाही मन न लावता नीट वाग, असे महाराज त्यांना बजावतात. हे भाजीच्या देठाचे वाक्य भाषणांतून सर्वांच्या कानावर पडलेले असते, मात्र त्या पत्राचा पुढचा, मोठा भाग फारसा कोणी सांगत नाही. गावोगाव फिरावे, कुळे गोळा करावीत, ज्याच्याजवळ कष्टाला माणूस आहे पण बैल, नांगर आणि पोटाला दाणे नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्यावेत, खायला धान्य द्यावे आणि दिलेले पुढे व्याज न लावता, त्याची ऐपत येईल तसे हळूहळू परत घ्यावे, असे त्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. हात न लावण्याची आज्ञा एका वाक्यात संपते आणि काय करावे याची आज्ञा पुढे पत्रभर चालते. तुमच्या कागदाची रचनाही अशीच असावी, असे मला मनापासून वाटते. मी काय घेणार नाही, हे दोन ओळींत लिहा. उरलेले पान मी काय पुरे करीन, यासाठी ठेवा.

आता तुमच्याच कामातले बोलू. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या वहीत, नोंद घेतल्यावर हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि नोंद प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याचे वरिष्ठ, करतात. या साध्या साखळीतल्या प्रत्येक कडीला एक मोह चिकटलेला आहे. नोटीस खरोखर बजावली नाही तरी बजावल्याचा शेरा मारता येतो. आलेली हरकत ‘घरी जाऊन समजुतीने मिटवा’ म्हणत तोंडी परतवता येते, आणि नसलेली हरकत कोणालातरी सांगून उभीही करता येते. म्हणून कागदावर लिहा, की माझ्याकडे आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढेल आणि पोच न देता मी तो ठेवून घेणार नाही, काम आवक क्रमांकानेच होईल, आणि ज्याला नोटीस गेली नाही त्याला गेली असे माझ्या सहीने कधीही लिहिले जाणार नाही. आत्याच्या दिरांना सांगायचे वाक्य यातूनच मिळते : ‘तुमचा क्रमांक सत्तेचाळीस आहे, काका, आज एकेचाळीस चालू आहे.’ क्रमांक दाखवता येतो, त्यामुळे नात्यालाही फार इजा होत नाही. स्वतःच्या किंवा जवळच्या नातलगाच्या जमिनीची नोंद पुढे आली, तर मात्र मंडळ अधिकाऱ्यांना लेखी कळवून त्या कामातून बाजूला व्हा.

दुसरी गोष्ट खासगी मदतनीसाची. काम खूप असते, संगणकावरील नोंदी वेळखाऊ असतात, आणि मग गावातला एखादा हुशार मुलगा ‘मदतीला’ येऊन बसतो. त्याला पगार कोण देते हा प्रश्न पहिल्या महिन्यात कोणी विचारत नाही, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याचे उत्तर लोकांनी दिलेले असते. लाचलुचपतीच्या प्रकरणांच्या बातम्यांत ‘खासगी इसमामार्फत’ हे शब्द वारंवार येतात, ते उगाच नाही. तिसऱ्या माणसाच्या हातून घेतलेली रक्कमही कायद्याच्या दृष्टीने घेतलेलीच असते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि त्याचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपली सही कोऱ्या कागदावर करून देणे आहे. हे वाक्य तुमच्या कागदावर जसेच्या तसे उतरवले तरी चालेल.

तिसऱ्या गोष्टीबद्दल उघडपणे फार कमी लिहिले जाते, म्हणून मी थोडे थांबतो. माझ्या अनुभवात बहुतेक चांगली माणसे लोभामुळे घसरली नाहीत, खर्चामुळे घसरली. प्रिंटरची शाई, कागदाचे रिम, इंटरनेट, कधी कार्यालयाचे भाडे, आणि वरिष्ठांच्या दौऱ्यातले जेवण, यांपैकी बराचसा भार कनिष्ठाच्या खिशावर येतो. पगारातून सहा महिने केल्यावर मनात विचार येतो, की हा खर्च माझा नव्हे, मग तो ज्यांचे काम होते आहे त्यांनीच सोसला तर बिघडले कुठे? पहिले शंभर रुपये असे ‘कार्यालयासाठी’ घेतले जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, खिशातून गेलेला प्रत्येक रुपया तारखेसह लिहा आणि दर तीन महिन्यांनी त्या खर्चाची मागणी लेखी पाठवा. पैसे मिळतीलच असे नाही. मला बऱ्याचदा मिळाले नाहीत. पण तो खर्च शासनाचा आहे आणि त्याचा भरणा लोकांनी करायचा नाही, हे दर तीन महिन्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की मनाला दुसरी वाट फुटत नाही. दौऱ्याच्या जेवणाच्या बाबतीत मी पिठले-भाकरीवर ठाम राहिलो. काही वरिष्ठ नाराज झाले, तर काहींनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आणखी एक ओळ सुचवतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केला, तेव्हा सभासदांसाठी सात प्रतिज्ञा ठेवल्या. देशसेवेत वैयक्तिक लाभ पाहणार नाही, जात वा धर्माचा भेद न करता सर्वांच्या उन्नतीसाठी झटेन, यांसारख्या प्रतिज्ञांबरोबरच कोणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही अशीही एक प्रतिज्ञा त्यांत आहे. तरुणपणी मला ती इतरांच्या मानाने किरकोळ वाटे. पुढे तालुक्याच्या कचेरीत एका कारकुनाच्या रागापायी एका अख्ख्या वाडीचे दाखले अडलेले पाहिले, आणि ती त्या सातांत का आहे हे कळले.

प्रश्न : मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. वरिष्ठ दूरध्वनीवरून सांगतात, ‘देयक आज काढा, मोजमापे नंतर नोंदवू.’ लेखी मागितले तर ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारतात. नकार दिला तर बदलीची भीती आहे. घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत. अशा वेळी तत्त्वांचे काय करायचे?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते वेगळे ठेवले तर निम्मी भीती कमी होईल.

पहिला प्रश्न तोंडी आदेशाचा. वरिष्ठांच्या निर्देशानुसार काम करताना तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी, असे वर्तणूक नियमांतच सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निकाल देताना सनदी अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशांवर काम करू नये, असे स्पष्ट केले. तेव्हा लेखी मागणे हा अविश्वास नसून ती तुमची नियमाने आलेली जबाबदारी आहे, आणि वरिष्ठांनाही ते याच शब्दांत, आवाज न चढवता सांगता येते. त्याच दिवशी टिपणी सादर करा : ‘आज दुपारी दूरध्वनीवर मिळालेल्या निर्देशांस लेखी पुष्टी मिळावी, ही विनंती.’ एवढे एक वाक्य पुरते. माझ्या अनुभवात अशा टिपणीनंतर दहांपैकी सात वेळा तो विषय पुन्हा निघालाच नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण समजा, त्यांनी लेखी दिलेच, तर? मोजमाप पुस्तकात नोंद नसताना देयक काढणे हे लेखी आदेशामुळे योग्य होत नाही. लेखी आदेश जबाबदारी कोणाकोणाची आहे हे दाखवतो, पण न झालेल्या कामाला झालेले करीत नाही. त्या टप्प्यावर तुमचे उत्तर एकच असू शकते : ‘मोजमापे उद्या सकाळी घेतो, संध्याकाळपर्यंत देयक सादर करतो.’ नकार देताना सोबत काम द्यावे. नुसता नकार उद्धटपणा म्हणून खपवला जातो, पण तारखेसह दिलेला पर्याय तसा खपवता येत नाही.

बदलीविषयी खोटा धीर मी देणार नाही, बदली होऊ शकते. राज्यात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, त्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे, आणि मुदतीपूर्वी बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. ते झाले नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे ढाल म्हणून लक्षात ठेवा, आणि तरीही घरी बसून एकदा हिशेब करा, की बदली झालीच तर हप्ता कसा जाईल, मुलांची शाळा कुठे असेल, आईची औषधे कोण आणील. हा हिशेब ज्याने आधी मांडला आहे त्याला धमकी कमी लागते. अशा प्रसंगी लोक रामशास्त्री प्रभुण्यांचे किंवा मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण देतात. ही उदाहरणे आदराने मनात ठेवावीत, परंतु राजीनामा हे मोठ्या पदावरच्या माणसाचे शस्त्र आहे. कनिष्ठ अभियंत्याचे शस्त्र त्याची टिपणी आणि त्याचे मोजमाप पुस्तक आहे, आणि ते वापरायला नोकरी सोडावी लागत नाही.

प्रश्न : माझे पती शासकीय सेवेत आहेत. दिवाळीत ते घरी नसताना एका कंत्राटदाराचा माणूस सुक्या मेव्याचा मोठा डबा देऊन गेला. पतींनी तो कार्यालयातील शिपायांत वाटून टाकला आणि ‘मी तर काही खाल्ले नाही’ म्हणाले. हे योग्य झाले का?

उत्तर : त्यांचा हेतू चांगला होता, पण योग्य झाले नाही. देणाऱ्याच्या वहीत तो डबा ‘साहेबांनी ठेवून घेतला’ असाच नोंदला गेला असणार, आणि शिपायांना मात्र साहेबांकडे डबे येतात हे कळले. ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांच्याकडून भेट घेण्यावर वर्तणूक नियमांत निर्बंध आहेतच. भेट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दोन ओळींच्या चिठ्ठीसह परत जावी : ‘आपल्या शुभेच्छा पोचल्या. आमच्या घरी भेटवस्तू स्वीकारत नाही.’ ‘आमच्या घरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दार तुम्ही उघडता, मुले उघडतात, सासूबाई उघडतात. पतींनी जे ठरवले आहे ते घरातल्या सर्वांना माहीत नसेल, तर दारात आलेल्या माणसाला काय सांगायचे हा भार तुमच्यावर एकटीवर पडतो, आणि तो तुमच्यावर पडू देणे बरोबर नाही. पुढच्या दिवाळीआधी घरात सर्वांनी मिळून एकदा बोला.

प्रश्न : मी ३६ वर्षे लिपिक व पुढे अधीक्षक म्हणून नोकरी केली. कधी कोणाचा एक पैसा घेतला नाही. पण लेखापरीक्षणाच्या आणि चौकशीच्या भीतीने मी अनेक प्रकरणे ‘फेरसादर करावे’ असा शेरा मारून परत पाठवली. एका कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्यामुळे चौदा महिने रखडले. ती बाई मुलाला घेऊन येई आणि बाकावर बसून राही. आता ते आठवून झोप लागत नाही. पैसा न घेणाऱ्या माणसालाही अप्रामाणिक म्हणता येईल का?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न स्वतःहून विचारला, म्हणून खरे उत्तर देणे भाग आहे. होय, म्हणता येईल. तुम्ही पैसा घेतला नाहीत, पण तिचे चौदा महिने घेतले, आणि ते परत करता येत नाहीत. ज्या कायद्याचा उल्लेख वर बदल्यांच्या संदर्भात आला, त्याच २००५ च्या कायद्याचे दुसरे अर्धे अंग विलंबाविषयी आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ फाइल राहू नये, असे त्यात आहे. पुढे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आला आणि अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. विधिमंडळाला उशिरासाठी दोनदा कायदा करावा लागला, याचा अर्थ उशीर हा आपण समजत होतो तेवढा निरुपद्रवी नव्हता.

हे मी तुम्हाला उंचावरून सांगत नाही. आपल्या खात्यांत ‘बोलावे’, ‘चर्चा करावी’, ‘त्रुटींची पूर्तता व्हावी’ हे शेरे सभ्य दिसतात आणि लिहिणाऱ्यावर काही बालंट येत नाही. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे त्रुटी एकदम न काढता एकेक करून काढणे : आधी दाखला नाही, तो आणला की साक्षांकित प्रत नाही, ती आणली की नावात फरक. मी हे केले आहे. एका कालव्यासाठी जमीन गेलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मोबदल्याच्या प्रकरणात सातबाऱ्यावरील आणि निवाड्यातील नावात एका अक्षराचा फरक होता. स्थळ पाहणी व जबाब घेऊन मला निर्णय घेता आला असता, तो माझ्या अधिकारात होता. तरीही उद्या कोणी बोट दाखवील या भीतीने मी तीनदा वरून मार्गदर्शन मागवले. त्यात अकरा महिने गेले.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या गावी गेलो. ते हयात नव्हते. मुलाने सांगितले, की तालुक्याला जायच्या दिवशी वडील धुतलेले धोतर नेसून पहाटेच्या एसटीने निघायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. मग तो मला बरे वाटावे म्हणून म्हणाला, ‘वडील म्हणायचे, साहेब चांगले आहेत, पाणी विचारतात.’ हे वाक्य मला कोणत्याही चौकशीच्या अहवालापेक्षा जड गेले आहे, आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना मी ते नेहमी सांगतो.

आता काय करता येईल, असे तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, पण पत्राचा रोख तोच आहे. गोखल्यांचे नाव वर आले आहे, त्यांचाच एक प्रसंग सांगतो. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. परत आल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीरपणे बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्याबद्दल त्यांच्यावर सडकून टीका केली, अनेकांना तो कमकुवतपणा वाटला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील अवघड कामांपैकी ते एक होते, कारण ज्यांना दुखावले त्यांना आणि ज्यांच्या वतीने बोलले त्यांना, दोघांनाही एकाच वेळी तोंड द्यायचे होते.

तुमचे काम त्यापेक्षा सोपे आहे. त्या बाईंचा पत्ता जुन्या कार्यालयातील कोणाकडून तरी मिळेल. पत्र पाठवू नका, स्वतः जा. सोबत काही नेऊ नका, आणि चौकशीची भीती होती हे कारण आधी सांगू नका, त्यांनी विचारले तर सांगा. त्या काय बोलतील ते पूर्ण ऐकून घ्या. गावात आणखी कोणाचे निवृत्तिवेतनाचे कागद अडलेले असतील, तर ते कसे लावायचे हे तुमच्याइतके चांगले कोणाला येणार? तेवढे एक काम तेथे बसून करून द्या. ओळख देताना मात्र आधी प्रकरण सांगा, मग आपले नाव. मी नाव आधी सांगितले होते, आणि त्या मुलाला ते आठवेना, त्यामुळे त्याने मला पाहुणा समजून अंगणात खाट टाकली आणि आत चहा ठेवायला सांगितला.